सिएना ते अकलूज : एका वेलीचा प्रवास

मार्च महिना उजाडला आणि बाजारात काळी द्राक्षे स्वस्त झाली, की नौपाड्यातील आमच्या जुन्या घरात चिनी मातीची एक मोठी भरणी माळ्यावरून खाली उतरे. आजी ती उन्हात तापवी. द्राक्षे धुऊन, पुसून, हाताने चुरडून त्या भरणीत पडत. वर साखर, मूठभर गहू, दालचिनीचे दोन तुकडे. तोंडाला फडके बांधून भरणी पुन्हा काळोखात जाई. पुढे केव्हातरी तिच्यातील रस गाळून बाटल्यांत भरला जाई आणि नाताळच्या रात्री, मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर, घरातील प्रत्येकाला बोटभर उंचीच्या पेल्यातून त्याचा घोट मिळे. आम्हा मुलांच्या वाट्याला त्यातही पाणी अधिक येई.

अशाच एका नाताळात मी आजीला विचारले होते, ''फादर मिस्सेला जी वाईन वापरतात, ती हीच का?'' आजी हसली आणि म्हणाली, ''नाही रे बाळा, ती निराळी. तिच्यात साखरेचा दाणासुद्धा चालत नाही. ती नुसत्या द्राक्षाची.'' मग ती द्राक्षे कुठली, असे विचारताच आजी गप्प झाली. तिला ते ठाऊक नव्हते. घरातील अन्य कोणालाही ते ठाऊक नव्हते. आयुष्यभर ज्या वेदीपुढे आपण गुडघे टेकले, त्या वेदीवरच्या कटोऱ्यातील रस कोणत्या मातीतून येतो, हा प्रश्न आम्हांपैकी कोणाला कधी पडलाच नव्हता.

तो प्रश्न मनात राहिला. त्याचा माग काढीत गेलो तेव्हा वाट एकीकडे आमच्याच ठाण्याच्या सातशे वर्षांपूर्वीच्या बंदरात गेली, तर दुसरीकडे निफाड आणि अकलूजच्या शेतांत. आणि या दोन्ही वाटांवर एकच देश पुन्हा पुन्हा भेटला. तो म्हणजे इटली.

वेलीविना वेदी

ख्रिस्तसभेचा नियम साधा आणि कडक आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९२४ वे कलम सांगते, की मिस्साबलीसाठी वापरायचा द्राक्षारस नैसर्गिक असावा, द्राक्षवेलीच्या फळापासूनच केलेला असावा आणि तो बिघडलेला नसावा. जांभळाचा, करवंदाचा वा ताडाचा रस कितीही मधुर असला, तरी तो वेदीवर चालत नाही. प्रभूने अखेरच्या भोजनाच्या वेळी जे हाती घेतले, त्याच्याशी ही अखंड निष्ठा आहे.

परंतु ज्या देशात द्राक्षवेल जवळजवळ नाहीच, त्या देशातील ख्रिस्ती माणसांनी काय करावे? केरळातील संत थॉमस ख्रिस्ती मंडळींनी यावर शतकानुशतके एक तोड काढली होती. परदेशातून आलेले मनुके ते पाण्यात भिजवीत आणि त्यांचा रस पिळून मिस्सेसाठी वापरीत. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर पश्चिम किनाऱ्यावरील चर्चांसाठी द्राक्षारस जहाजांतून येऊ लागला. लिस्बन ते गोवा हा प्रवास सहा महिन्यांहून अधिक काळाचा, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. त्या उष्म्यात पिंपांतील रस आंबट होण्याचे भय सदैव असे. वसई, साष्टी, ठाणे या आपल्या मुलखात नारळ होते, ताड होते, केळी होत्या, ऊस होता. फक्त वेदीवर लागणारी ती एकच वस्तू सातासमुद्रांपलीकडून आणावी लागे.

ब्रिटिश काळातही चित्र फारसे पालटले नाही, आणि स्वातंत्र्यानंतर तर निराळीच अडचण उभी राहिली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याला मज्जाव केला. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला मात्र स्वतंत्र परवान्याची वाट मोकळी ठेवली. आजीच्या भरणीला असा कोणताही परवाना नव्हता, हे मला फार उशिरा समजले. त्या दिवसांत ती भरणी माळ्यावर जुन्या गोधड्यांमागे का ठेवली जाई, याचाही मग उलगडा झाला.

ठाण्याचे चार पाहुणे

आता थोडे मागे जाऊ. सन १३२१. ठाणे तेव्हा कोकण किनाऱ्यावरचे गजबजलेले बंदर होते आणि नुकतेच दिल्लीच्या सुलतानांच्या अंमलाखाली आले होते. होर्मुझहून निघालेल्या एका जहाजातून काही युरोपीय धर्मगुरू येथे उतरले. त्यांना जायचे होते दक्षिणेतील कोल्लमला. वाऱ्याने त्यांना ठाण्याला आणले. चौघे फ्रान्सिस्कन संघाचे होते : तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियातील तिफ्लिसचे देमेत्रिउस. त्यांच्या सोबत डोमिनिकन संघाचे फ्रेंच धर्मगुरू जॉर्दानुस कातालानी होते. ठाण्यात त्या वेळी पूर्वेकडील नेस्तोरियन परंपरेची सुमारे पंधरा ख्रिस्ती कुटुंबे राहात होती. त्यांपैकी एकाच्या घरी हे पाहुणे उतरले.

पुढील हकीकत आपल्याला जॉर्दानुस यांच्या पत्रांतून आणि ओदोरिक यांच्या प्रवासवृत्तांतून कळते. जॉर्दानुस उत्तरेकडे गेले असताना यजमान घरात पती-पत्नीचे भांडण झाले. मारहाण झालेली पत्नी काजीकडे गेली. पाहुण्यांना साक्षीसाठी बोलावण्यात आले, साक्षीचे रूपांतर धर्मविषयक प्रश्नोत्तरांत झाले आणि प्रश्नोत्तरांचा शेवट देहदंडात झाला. थॉमस, जेम्स व देमेत्रिउस यांचा ९ एप्रिल १३२१ रोजी वध झाला, पीटर यांचा दोन दिवसांनी. परत आलेल्या जॉर्दानुस यांनी जेनोवाच्या एका तरुणाच्या साहाय्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. काही वर्षांनी इटलीतील पोर्देनोनेचे फ्रान्सिस्कन ओदोरिक येथे आले आणि त्यांनी त्या अस्थी आपल्यासोबत थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत नेल्या.

एका घरगुती कलहात साक्षीदार म्हणून बोलावले गेलेले हे परदेशी पाहुणे! आपल्या मासुंदा तलावाकाठच्या संत जॉन बाप्टिस्टाच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना या चौघांचे स्मरण आपल्याला होते का, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतो.

या चौघांतील सिएनाच्या पीटरपाशी मी जरा अधिक थांबतो. सिएना हे मध्य इटलीतील तोस्काना प्रांताचे प्राचीन नगर. त्याच्या सभोवतालच्या टेकड्या द्राक्षमळ्यांनी आच्छादलेल्या आहेत, आणि तेव्हाही त्या तशाच होत्या. याला साक्ष आहे एका चित्रकाराची. आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ च्या सुमारास सिएनाच्या नगरभवनाच्या भिंतीवर उत्तम राज्यकारभाराचे सुपरिणाम दाखवणारे भव्य चित्र रंगवले. त्यात शहराबाहेरच्या उतारांवर द्राक्षांचे मळे दिसतात. याच लोरेन्झेत्तीने सिएनातील संत फ्रान्सिस चर्चमध्ये फ्रान्सिस्कन हुतात्म्यांच्या वधाचे चित्र काढले आहे, आणि अनेक अभ्यासक त्या चित्राचा संबंध आपल्या ठाण्याच्या हुतात्म्यांशी जोडतात. एकाच हाताने एका भिंतीवर सिएनाचे द्राक्षमळे रंगवले आणि दुसऱ्या भिंतीवर, या अभ्यासकांचे मत ग्राह्य मानले तर, ठाण्याच्या मातीत सांडलेले रक्त.

जॉर्दानुस यांनी पुढे भारताविषयी लॅटिनमध्ये एक छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात आंब्याचे नाव आहे, फणसाचे वर्णन आहे, आणि वर्षभर पांढरा, पिण्यास मधुर असा रस देणाऱ्या 'तारी' नावाच्या झाडाचाही उल्लेख आहे. आपल्या ताडीचे नाव इतक्या दूरच्या काळात, इतक्या परक्या लिपीत वाचताना मौज वाटते. द्राक्षवेलीच्या देशातून आलेल्या त्या माणसाला आपल्या किनाऱ्यावर ताडाचे झाड भेटले. त्यानंतर साडेसहा-पावणेसात शतकांनी सिएनाच्या टेकड्यांवरची वेल स्वतःच महाराष्ट्रात आली.

दख्खनची द्राक्षे

दख्खनला द्राक्षे अगदीच अपरिचित होती असे नव्हे. ठाण्यातील त्या घटनेनंतर जेमतेम वीस वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने करून ठेवली. ही द्राक्षे खाण्याची होती. पुढेही आपल्याकडील द्राक्षशेती खाण्याच्या फळाचीच राहिली.

विसाव्या शतकात तिने मोठी झेप घेतली. १९६० च्या सुमारास द्राक्ष बागाईतदारांचा राज्यव्यापी संघ स्थापन झाला. थॉम्सन नावाच्या बिनबियांच्या जातीने नाशिक, सांगली, सोलापूर हे जिल्हे व्यापले. या परकीय जातीतून आपल्याच शेतकऱ्यांच्या नजरेने नव्या जाती निवडल्या. तासगाव भागातील वसंतराव आर्वे यांची 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळील नानजच्या नानासाहेब काळे यांची 'सोनाका' ही त्यांतील ठळक नावे. विद्यापीठाच्या पदव्यांवाचून, केवळ रोजच्या निरीक्षणाने एखाद्या फांदीवरील निराळा मणी ओळखणारी ही माणसे होती.

येथे वेलीच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. इटलीत हिवाळ्यात पाने झडतात, वेल झोपी जाते. वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची तोडणी होते. महाराष्ट्रात बर्फ नाही, म्हणून वेलीला झोपही नाही. तेव्हा आपल्या शेतकऱ्याने कात्रीने तिचे पंचांग बदलले. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, त्यातून पुढच्या वर्षाच्या काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी करायची, त्यातून घड येतात. म्हणजे वेल दोनदा छाटली जाते आणि पीक एकदाच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, हाती येते. इटलीत वेल बर्फात उघडी उभी असते, तेव्हा आपल्याकडे तिचे घड पिकत असतात.

खाण्याच्या आणि रसाच्या द्राक्षांत फार अंतर आहे. खाण्याचा मणी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा हवा. त्यासाठी शेतकरी संजीवकांची मात्रा देतो आणि एकरी दहा टनांच्या आसपास पीक घेतो. रसाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. रंग, वास आणि तुरटपणा त्या सालीत दडलेला असतो. येथे जाणूनबुजून घड कमी ठेवायचे, पीक निम्म्याहून खाली आणायचे. ज्याने जन्मभर जास्त टनांचा हिशेब केला, त्याला कमी पिकवण्याची विद्या शिकवणे सोपे नसते.

१९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ द्राक्षारसाचा कारखाना उभारला, ही आधुनिक काळातील सुरुवात होय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ काम सुरू केले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. करात सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे उद्यानवजा औद्योगिक वसाहती आखल्या गेल्या. अनेक शेतकरी कुटुंबे या नव्या वाटेने निघाली. त्यांतील बहुतेकांनी फ्रेंच जाती लावल्या. दोन ठिकाणी मात्र इटलीची वेल आली.

निफाडचे एक घर

निफाड तालुक्याचे नाव आपण हिवाळ्यात वृत्तपत्रांतून वाचतो. राज्यातील नीचांकी तापमान बहुधा तेथलेच असते. दिवसा ऊन आणि रात्री कडाका, हे हवामान द्राक्षाला मानवते. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकून राहतो. या तालुक्यातील कुंदेवाडी येथे यतिन पाटील यांच्या कुटुंबाने आपल्याच मळ्याला लागून द्राक्षारसाचा कारखाना काढला. त्यांच्या उत्पादनाचे नाव 'रेवेलो'. मार्गदर्शनासाठी त्यांनी आंद्रेआ वालेंतिनुत्सी या इटालियन तज्ज्ञाला बोलावले आणि सिसिली बेटावरच्या दोन जाती लावल्या. एक 'नेरो दावोला', म्हणजे आवोला गावची काळी, आणि दुसरी 'ग्रिल्लो' ही पांढरी. या दोन्ही जाती भारतात प्रथम लागल्या त्या याच मळ्यात.

सिसिलीच का? सिसिली हे भूमध्य समुद्रातील तापलेले, कोरडे बेट. तेथील वेलींना उन्हाची सवय आहे. फ्रान्समधील थंड प्रदेशाच्या जाती आपल्या फेब्रुवारीच्या उन्हात घाईने पिकतात, त्यांचा आंबटपणा उडून जातो. सिसिलीची वेल तुलनेने धीर धरते. ग्रिल्लोचा जन्म तर एका संकरातून झालेला आहे. एकोणिसाव्या शतकात सिसिलीतील आंतोनियो मेंदोला या सरदाराने स्थानिक कातार्रात्तो आणि मस्कत कुळातील झिबिब्बो यांच्या मिलनातून ती तयार केली. आपण जिला अस्सल स्थानिक म्हणतो, त्या वेलीचेही आईबाप निरनिराळ्या मुलखांचे असतात, हे येथे प्रथम लक्षात येते.

अकलूजचे भाऊ

दुसरी कथा सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याची. अकलूज म्हटले की आपल्याला साखर आठवते. शंकरराव मोहिते-पाटील यांनी नीरेच्या पाण्यावर सहकारी साखर कारखानदारीचा जो संसार उभा केला, त्याने तो परिसर पालटून गेला. त्याच घराण्यातील अर्जुन व रणजितसिंह हे तरुण, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी हे बंधू आणि इटलीचे आलेस्सियो व आंद्रेआ सेक्की हे बंधू, अशी तीन कुटुंबे २००६-०७ च्या सुमारास एकत्र आली. इटालियन भाषेत भावांना 'फ्रातेल्ली' म्हणतात. तेच नाव त्यांनी आपल्या कारखान्याला दिले. तोस्कानाच्या किआंती भागातील अनुभवी द्राक्षारसकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे सुमारे २४० एकरांवर लागवड झाली. फ्रान्समधील रोपवाटिकेतून तीन लाखांहून अधिक रोपे आणली गेली.

या रोपांत एक जात होती 'सांजोवेझे'. ही तोस्कानाची राणी. सिएनाच्या भोवतीच्या टेकड्यांवर आज जी वेल सर्वाधिक दिसते ती हीच, आणि किआंतीचा प्रसिद्ध लाल रस हिचाच. १७१६ साली तोस्कानाचा अधिपती तिसरा कोसिमो याने किआंतीच्या सीमा फर्मानाने ठरवून दिल्या, इतकी त्या रसाची प्रतिष्ठा होती. अशी ही मानिनी वेल ऊस आणि ज्वारीच्या मुलखात आली. पातळ साल, उशिरा पिकण्याचा स्वभाव आणि माती पालटली की चव पालटण्याची खोड, यांमुळे ती सांभाळणे कष्टाचे. तरीही ती रुजली. तिच्यापासून आणि एका फ्रेंच जातीपासून मिळून जो रस तेथे तयार होतो त्याला 'सेत्ते' म्हणतात. सेत्ते म्हणजे सात : तीन घरांतील सहाजण आणि सातवे मासी.

मला या सर्व हकीकतीत सर्वांत अधिक भावले ते हे, की येथे यंत्राहून नाते मोठे आहे. द्राक्षशेती ही पिढीची शेती आहे. वेल लावल्यावर पहिला बरा घड येण्यास दोन-तीन वर्षे जातात आणि खऱ्या गुणाचा रस देण्यास त्याहून अधिक. एका हंगामाच्या नफ्याकडे पाहणाऱ्याचे हे काम नव्हे. म्हणूनच जगभर हा व्यवसाय बहुधा घराण्यांच्या हाती टिकून राहिला. बायबलमधील नाबोथाची गोष्ट आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. राजाने दुसरा, अधिक चांगला मळा देऊ केला, तरी वाडवडिलांचा द्राक्षमळा त्याने दिला नाही आणि त्यासाठी प्राण गमावला. वेल आणि घर यांचे नाते किती खोल असते हे ज्याने ती कथा लिहिली, त्याला ठाऊक होते.

मूळ कोणाचे, फळ कोणाचे?

आता 'देशी' या शब्दाविषयी. सांजोवेझेला इटलीची अस्सल देशी वेल म्हणतात. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिचे एक जनक झाड दक्षिणेकडील कालाब्रियाशी नाते सांगणारे निघाले. म्हणजे तोस्कानाची राणीही माहेराने दूरची.

त्याहून मोठी गोष्ट मुळांची. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने प्रथम फ्रान्सच्या आणि मग जवळजवळ साऱ्या युरोपच्या वेलींची मुळे कुरतडली. हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तेथील रानवेलींच्या मुळांना ही कीड मारू शकत नव्हती. तेव्हापासून युरोपची वेल अमेरिकेच्या खुंटावर कलम करून लावली जाते. महाराष्ट्रातही दुष्काळ आणि क्षारयुक्त जमीन यांना तोंड देण्यासाठी डॉगरिज, ११० आर असे अमेरिकी कुळातील खुंट वापरले जातात.

तेव्हा अकलूजच्या त्या वेलीकडे नीट पाहा. डोळा इटलीचा, खुंट अमेरिकी कुळाचा, रोपवाटिका फ्रान्सची, माती माळशिरसची, पाणी नीरेच्या खोऱ्याचे आणि छाटणारा हात मराठी शेतमजुराचा. यांतील नेमके परके काय आणि आपले काय?

हा प्रश्न केवळ वेलीपुरता नाही. आपल्या समाजाला तो चारशे वर्षे विचारला जात आहे. आमची नावे परकी, आमचा धर्म परका, असे कोणी सहज म्हणून जातो, आणि आपणही कधी कधी उगाच ओशाळतो. परंतु ठाण्याच्या मातीत ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी नांदत होती, हे १३२१ ची हकीकतच सांगते. कलमाची खूण खोडावर कायम राहते. ती लपवण्याचे कारण नाही. वेल आपली आहे की नाही हे अखेर ती कोणत्या मातीतून रस ओढते आणि कोणाला सावली देते, यावर ठरते.

एका पेल्याची दोन बाजू

ही कथा येथे गोड शेवटावर सोडता आली असती. परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला यांमुळे पर्यटन व विक्री कोसळली. कारखान्यांनी द्राक्षे उचलण्यास हात आखडता घेतला. रसाची द्राक्षे बाजारात खाण्यासाठी विकता येत नाहीत. त्यांत बिया फार आणि मणी लहान. पुढील दोन वर्षांत नाशिक भागात अनेक शेतकऱ्यांनी स्वतः लावलेल्या वेली स्वतःच्या हाताने उपटल्या. ज्या नारायणगावच्या कारखान्याने या उद्योगाची पायाभरणी केली होती, तोही कर्जाच्या ओझ्याने बंद पडला. लहान शेतकऱ्याला दुसऱ्याच्या करारावर विसंबून राहण्याची किंमत मोजावी लागली. निफाड आणि अकलूजसारखी घरे तगली, त्याचे एक कारण मळा आणि कारखाना एकाच कुटुंबाच्या हाती होता हे असावे, असे मला वाटते.

दुसरी बाजू अधिक जवळची आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत द्राक्षारसाच्या विक्रीस मुभा देण्याचे ठरवले, तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले. एक पक्ष म्हणाला, हे शेतमालाचे मूल्यवर्धन आहे. दुसरा म्हणाला, हे मद्यच आहे, आणि ते किराण्याच्या फळीवर नको. निर्णय लांबणीवर पडला. आपल्या समाजाला हा वाद दुरून पाहता येणार नाही. दारूने विस्कटलेली घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. आपल्याच चर्चच्या सभागृहांत संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या सभा भरतात आणि तेथे येणारी माणसे आपल्याच बाकांवर बसणारी असतात. 'काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला' हे वाक्य आपण अनेकदा आपल्या सोयीने उच्चारतो. ज्या घरातील बाईने पतीच्या हातून मार खाल्ला आहे, तिला ते वाक्य कसे ऐकू येत असेल? ठाण्याच्या त्या पाहुण्यांना अशाच एका मार खाल्लेल्या बाईच्या प्रकरणात साक्षीला बोलावले गेले होते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून वेलीचे कौतुक करताना पेल्याचे माप विसरू नये. आजीचा पेला बोटभर उंचीचा होता, आणि तो वर्षातून एकदाच भरला जाई. भरणी तिच्या ताब्यात असे आणि किल्ली तिच्या पदराला. मिस्सेतील कटोऱ्यातही रस घोटभरच असतो आणि त्यात पाण्याचा थेंब मिसळलेला असतो. मोजून घेणे आणि सर्वांनी मिळून घेणे, हाच द्राक्षारसाचा संस्कार आहे. तो सुटला की उरते ती केवळ दारू.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. नौपाड्यातील ते जुने घरही राहिले नाही. त्या जागी उंच इमारत उभी आहे. भरणी मात्र माझ्यापाशी आहे. ९ एप्रिलला मी संध्याकाळच्या मिस्सेला जातो. धर्मगुरू कटोरा उंच धरतात तेव्हा त्यातील रस कोणत्या मळ्यातला, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु त्या क्षणी सिएनाच्या टेकड्या, ठाण्याचे बंदर आणि माळशिरसच्या उन्हात घड तोडणाऱ्या बाया, अशी तिन्ही चित्रे एकाच वेळी मनात उभी राहतात. आजीने मला ''ती नुसत्या द्राक्षाची'' असे सांगितले होते. आज ती असती तर मी तिला म्हटले असते, आजी, द्राक्ष कधीच नुसते नसते. त्यात कोणाचे तरी घर असते.